रविवारची मान

९ ऑक्टोबर

आज कॉफीचा कप हातातून सुटला. मेंदू-मणक्याच्या सर्जनांच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत! कॉफी थेट मोठ्या सर्जनच्या बुटांवर. तो म्हणाला, "कायरोप्रॅक्टरांचे, मणके बसवणाऱ्यांचे, हात भक्कम असतात असं ऐकून होतो." सगळे हसले. मीही हसले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. जूनमध्ये आई गेली तेव्हापासून काहीच वाटत नाही. अशा वेळी ते सोयीचं पडतं.

बोटांची टोकं झोपल्यासारखी असतात हल्ली. दोन्ही हातांची. उशी बदलायला हवी.

१५ ऑक्टोबर, रविवार

डॅडकडे, विंथरला जाऊन आले. दोन तास जाताना, दोन तास येताना. मका कापून झालाय, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसते खुंट. चर्च, मग चर्चच्या तळघरात कॉफी आणि कुणीतरी केलेला बटाट्याचा भाजलेला प्रकार, मग घराला लागूनच असलेल्या डॅडच्या दवाखान्याची मागची खोली. टेबल.

आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. ताप आला — टेबल. परीक्षा — टेबल. मुलगा सोडून गेला — टेबल! मी दोन दिवसांची असताना डॅडनी पहिल्यांदा माझी मान बसवली, हे ते अजूनही नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. रविवारी आधी आई आडवी व्हायची, मग मी, शेवटी कुत्री. आता कुत्रीही नाही.

डावीकडे कट्. उजवीकडे कट्. "झालं. ऊठ." पण उठायच्या आधी डॅडचा हात क्षणभर डोक्यावर राहतो. पेशंटांच्या नाही राहत, मी बघितलंय. आईला पुरलं तेव्हा त्यांनी कुणालाच जवळ घेतलं नाही, हात खिशात घालून उभे होते. मी पण तशीच. तो एक क्षण सोडला तर आम्ही दोघं एकमेकांना शिवत नाही. त्यासाठी चार तास गाडी चालवते. तिथंही काही वाटत नाही, पण जाते.

१८ ऑक्टोबर

आमच्या फेल्डहाउस बाई. या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात कायरोप्रॅक्टिकचा विभाग त्यांनी उभा केला, आणि वर्षाला दोन रेसिडेंट त्या हाताखाली घेतात. यंदा मी आणि कोलबी. त्यांचं रोजचं पालुपद — "आधी विचारा. मग तपासा. मग परवानगी घ्या. हात सगळ्यात शेवटी!" कोलबी त्यांची हुबेहूब नक्कल करतो, अगदी चष्मा नाकावर ओढून.

डॅडना हे सांगितलं होतं जुलैमध्ये. म्हणाले, "सगळं विचारून झाल्यावर पेशंट जिवंत राहतो ना?"

आज मिस्टर क्लिंगे आले. व्हिएतनाममध्ये ट्रक चालवायचे. गोल पोट, मासेमारीची टोपी. "डॉक, मान मोड एकदाची, म्हणजे तळं गोठायच्या आत एकदा गळ टाकून येतो." मी म्हटलं, आधी थोडं विचारते. ते वैतागले. "लग्न ठरवतेस का माझं?"

विचारलं. शर्टाची बटणं लागत नाहीत. काटा हातातून पडतो. पाय जड, दारू न पिता प्यायल्यासारखी चाल. मग त्यांचं मधलं बोट धरलं आणि नखाला टिचकी मारली. अंगठा आपोआप आत उडाला. तो उडायला नको असतो. उडाला म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आहे. अशी मान वळवायची नसते. कधीच. एका झटक्यात माणूस कायमचा खुर्चीत जाऊ शकतो.

त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. स्कॅनला पाठवलं, सर्जनकडे कळवलं. क्लिंगे म्हणाले, "मी मोडायला आलो आणि तू मला कापायला पाठवतेस! कसली डॉक गं तू?"

बाई जाता जाता म्हणाल्या, "छान पकडलंस." एवढं म्हणायला त्यांना सहसा महिना लागतो.

२० ऑक्टोबर

बरं आहे, हॉस्पिटलचे निळे कपडे डोक्यातून घालायचे असतात. बटणं नसतात.

२९ ऑक्टोबर, रविवार

डॅडनी मान डावीकडे वळवली आणि पाठीतून वीज गेली. टाचांपर्यंत. ओरडले नाही. नंतर मी जोडे घालायला वाकले तेव्हा पुन्हा.

"हात का चोळतेयस?"

"थंडी आहे."

"हॉस्पिटलात हीटर नसतो वाटतं!"

मी हसले. डॅड आईच्या शेवटच्या आजारात एकदाही वॉर्डात आले नाहीत. आई चौथ्या मजल्यावर आणि ते खाली गाडीत, इंजिन चालू ठेवून. तरुणपणी त्यांना तिथल्या डॉक्टरांनी भोंदू म्हटलं होतं, पेशंटासमोर. ते त्यांनी आजवर मनातून काढलेलं नाही. आई वरून फोन करायची, "अहो, निदान चहा तरी प्या." ते म्हणायचे, "इथं ठीक आहे." आईनं त्यांना त्याबद्दल कधी बोल लावला नाही. मी लावला, मनातल्या मनात. आता तेही कंटाळवाणं झालंय.

३ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. मला काय झालंय ते मला माहीत आहे.

स्वतःच्या बोटाला टिचकी मारून बघितलेली नाही. मारणार नाही. मारली आणि अंगठा उडाला तर मला बाईंना सांगावं लागेल. मग स्कॅन, मग सर्जन, आणि त्यानंतर हात परत येतील की नाही कुणी सांगावं. हात नसलेला कायरोप्रॅक्टर म्हणजे कोण?

पण खरं कारण तेही नाही. खरं कारण रविवार. मी सांगितलं तर डॅडना कळेल की इतके रविवार ते कुठली मान वळवत होते. चाळीस वर्षं त्या हातांवर ते जगले. गावातल्या अर्ध्या लोकांची पाठ त्या हातांखालून गेलीय. एकच माणूस त्यांनी न विचारता, न तपासता टेबलावर घेतला असेल आणि तो मी. घरचं माणूस. हे कळलं तर ते परत कुणालाही हात लावणार नाहीत. मलाही नाही. मग उरलं काय त्यांच्याजवळ? आईचा सगळा स्वयंपाकघराचा पसारा आणि टीव्हीवरचा फुटबॉल.

म्हणून जाते. आडवी होते. मान देते. हे वेडेपणाचं आहे, कळतं मला. एखाद्या पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला धरून बसवलं असतं.

भीती वाटायला हवी ना? बसून वाट बघितली. नाही आली.

९ नोव्हेंबर

क्लिंग्यांचं ऑपरेशन झालं. वॉर्डात जाऊन भेटले. गळ्यात पांढरा पट्टा, तरी टोपी डोक्यावर. सर्जन त्यांना म्हणाला होता, आणखी उशीर झाला असता तर पाय गेले असते. "तुला थँक्यू म्हणायला सांगितलंय बायकोनं," ते म्हणाले. "म्हणून म्हणतोय. माझं काही नाही."

निघाले तर मागून हाक. "डॉक! तू अशी का चालतेस? पाय चिखलात असल्यासारखी. मी चालायचो तशी."

"नवीन बूट आहेत."

"बरं," ते म्हणाले. विश्वास बसलेला नव्हता.

१३ नोव्हेंबर

आज एका बाईंची मान हातात होती. लष्करात नर्स होत्या, रात्रपाळ्या करून मान धरलेली. सगळं विचारून, तपासून झालं होतं, काही धोका नव्हता. बोटं मणक्यावर ठेवली. खाली काहीच नाही. म्हणजे मान होती, मलाच कळत नव्हतं की कुठला सांधा कुठं आहे. गादीवरून भिंत चाचपावी तसं.

हात काढले. "आज फक्त शेक देते," म्हटलं. मग कोलबीला दिली. त्यानं बाहेर येऊन टोमणा मारलाच — "राणीसाहेबांनी मानेचं काम सोडलं वाटतं? आता फक्त आशीर्वाद?"

पेशंटच्या मानेला परत हात लावणार नाही. एवढं ठरवलं. स्वतःच्या मानेचं काही ठरवलं नाही.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

आम्ही दोघंच. डॅडनी टर्की आणली होती, दुकानातून भाजलेली. बटाटे पाकिटातले, पाणी घालून ढवळायचे. आईनं बघितलं असतं तर पाकीट खिडकीतून बाहेर गेलं असतं. आम्ही टर्कीबद्दल बोललो. मग हवेबद्दल. मग परत टर्कीबद्दल.

आईचं ग्रेव्हीचं भांडं माझ्या हातातून सुटलं. निळ्या फुलांचं, तिच्या आईचं. फरशीवर चार तुकडे. मी नुसती बघत राहिले. डॅड खाली बसून तुकडे गोळा करायला लागले. "जाऊ दे. मेलं एकदाचं. मला कधी आवडलं नव्हतं, तुझ्या आजीसारखंच ओठ काढून बसायचं."

हसू आलं. खरं हसू! डॅडनाही आलं. मग ते हातात तुकडे धरून तसेच खाली बसून राहिले, आणि मला कळलं नाही की उठवावं का.

निघताना कोटाचं वरचं बटण लागेना. ते दारात उभे राहून बघत होते. मग पुढं आले आणि सगळी बटणं लावली, खालपासून वरपर्यंत, मी पाच वर्षांची असल्यासारखी.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज आवाज आला नाही.

डॅडनी मान हातात घेतली, दोन्ही तळव्यांत, थोडा वेळ धरली. मग "झालं. ऊठ."

"आवाज कुठं आला?"

"आवाजात काय असतं? पोरंटोरं आवाजासाठी येतात. बसली तुझी मान."

खांदा दुखतो म्हणाले. वय झालं. एरवी माझ्या जिवात जीव आला असता. परतताना गाडीत विचार केला की आला का. थोडासा, वाटतं.

३ डिसेंबर, रविवार

तळघरात कॉफी पिताना मिसेस एंगेब्रेटसन भेटल्या, डॅडच्या शेजारीण. "काल तुझ्या बापानं माझी कंबर अशी मोडली, गाव जागं झालं असेल!" सगळ्या बायका हसल्या.

म्हणजे खांदा दुखत नाही. म्हणजे फक्त मला.

टेबलावर परत तेच. नुसते तळवे. नुसती ऊब — तीही मला मानेवर कळते, बोटांना कळली नसती. मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

डॅड हात पुसत म्हणाले, "तुझ्या त्या बाई आधी सगळं विचारतात ना? मग त्यांच्याकडेच जा की."

समजलं. मी हॉस्पिटलवाल्यांची झाले. पोरीला शिकवून परकी केली त्यांनी, असं चाललंय डोक्यात. म्हणून हात आखडता. एवढ्यासाठी मी मान देत होते!

१२ डिसेंबर

पार्किंगमध्ये बर्फावर पडले. कोलबीनं उठवलं. पायांनी सांगितलंच नाही की घसरतोय. "दारू सोड," कोलबी म्हणाला. तो गमतीत म्हणाला.

१८ डिसेंबर

फेल्डहाउस बाईंनी दार लावून घेतलं. "ब्रिटा, तू ठीक आहेस ना?"

"आई गेली ना."

त्यांचा चेहरा लगेच मऊ झाला. सगळ्यांचाच होतो. कप पडला — आई गेली ना. चालणं बिघडलं — आई गेली ना. मान दुसऱ्याला दिली — आई गेली ना. ती बिचारी कुणाला फसवायला चार पावलंही चालली नसती, आणि मी तिचं मरण पुढं करून सगळ्यांना दारातून परत पाठवते. तिला हे अजिबात आवडलं नसतं. किळस आली स्वतःची. थोडी.

बाई म्हणाल्या, "काही असेल तर मला सांग. मी विचारत नाही, कारण तू माझी पेशंट नाहीस." दार उघडलं. "विचारायला हवं असेल तर तसं सांग."

नाही सांगितलं.

२४ डिसेंबर, रविवार

संध्याकाळची मेणबत्त्यांची प्रार्थना. सगळे उभे, हातात एकेक मेणबत्ती, दिवे बंद. आईच्या नेहमीच्या जागी कुणी बसलं नव्हतं, गावानं ती जागा मोकळी ठेवली होती. मेण बोटांवर ओघळत होतं. मी गाणं म्हणत होते. डॅडनी एकदम माझा हात धरून मेणबत्ती काढून घेतली. बोटं लालभडक झाली होती. मला पत्ताच नव्हता.

मग मागच्या खोलीत गेलो. मी आडवी झाले. तळवे मानेखाली. बस, तेवढंच.

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. "जोरात करा ना, डॅड! पूर्वीसारखं! तुम्हाला येत नाही का आता? का माझ्यावर करायचंच नाही?"

काय मागत होते मी! माझं मलाच पक्कं माहीत होतं की काय होऊ शकतं. तरी मागत होते. ते रागावले तरी चालेल, मान मोडली तरी चालेल, नुसता हात ठेवून सोडून देऊ नका.

"नाही," डॅड म्हणाले.

"का?"

"नाही म्हटलं ना!"

आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मी टेबलावर तशीच. आतून नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज. एकाच माणसाची भांडी, किती वेळ धुवायची? मी कोट अंगावर टाकला, बटणं न लावता, आणि निघाले. फळीवर ठेवलेला माझा नाताळचा डबा तिथंच राहिला. हाक मारली नाही त्यांनी. की मारली आणि मी ऐकली नाही?

गाडीत रडायला यायला हवं होतं. राग आला. पुष्कळ राग. जूनपासून पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते डॅडवर!

२६ डिसेंबर

फोन केला नाही. त्यांनीही नाही.

२७ डिसेंबर

फेल्डहाउस बाईंनी ओपीडीच्या आधी आत बोलावलं. पेशंटची खुर्ची पुढं ओढली. "बस. काल तुझ्या वडिलांचा फोन आला होता."

डॅड. हॉस्पिटलला फोन.

बाईंनी शब्द न् शब्द सांगितला. "वर्लिन रॉनिंग बोलतोय, विंथरहून. माझ्या पोरीच्या मानेत काहीतरी मोठं आहे. थँक्सगिव्हिंगला तिच्या कोटाची बटणं लावताना कळलं मला. तेव्हापासून मी तिची मान वळवलेली नाही, नुसता हात ठेवतो. तेही बंद केलं असतं तर ती यायचीच बंद झाली असती, आणि मला तिला नजरेसमोर ठेवायचं होतं. त्याआधी मात्र वळवत होतो. दर रविवारी. मी तिला कधी काही विचारलं नाही. आता विचारायला तोंड नाही मला. तुम्ही विचारा."

मग म्हणे फोन ठेवायचं विसरले. बाईंना पलीकडून त्यांचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

बाईंनी माझं मधलं बोट धरलं. टिचकी मारली. अंगठा उडाला.

मी रडले, बाईंच्या खांद्यावर, मोठ्यानं. कोलबी दार उघडून आत आला आणि तसाच मागे फिरला. घाबरलेय मी. खूप.

स्कॅन दुपारी आहे, तोवर मला वर वॉर्डातल्या खोलीत झोपवलंय. बाई आत्ता सांगून गेल्या — डॅड आलेत. खाली गाडीत नाहीत. चौथ्या मजल्यावर, माझ्या दाराबाहेर बसलेत.